दोन दिवस, दोन परिपत्रके

केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने 26 जुलै 2023 रोजी 13 क्रमांकाचे परिपत्रक काढले आणि दुसऱ्याच दिवशी, 27 जुलैला, 14 क्रमांकाचे. दोन्हींत कुठल्याही जिल्ह्याचे नाव नाही. तरीही सहकारात वाढलेल्या अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, माणसाने ती वाचली तर दोन्ही आपल्याच घरची वाटतील. पहिले गावची विकास सोसायटी आणि पतसंस्था यांच्याबद्दल आहे, दुसरे साखर कारखान्याबद्दल. दोन्हींचा विषय एकच आहे: मागच्या वर्षांचा आयकर, जो वेळेत मिटला नाही.

आधी कारखान्याचे पाहू, कारण त्याची कुळकथा जुनी आहे. लोणीच्या माळावर विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचे भागभांडवल गोळा करून उभा केलेला प्रवरा कारखाना 1950-51 च्या हंगामात सुरू झाला. अध्यक्षपदी अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ होते. या कारखान्याचा मालक आणि त्याला ऊस घालणारा शेतकरी एकच. मालकाला नफा वाटायचा की शेतकऱ्याला भाव द्यायचा, हा प्रश्न तिथे व्यवहारात उठतच नाही, कारण दोन्ही एकाच खिशात जातात. आयकराच्या कायद्यात मात्र हाच प्रश्न कळीचा आहे. उसाचा भाव हा कारखान्याचा खर्च, त्यावर कर नाही. शेतकऱ्याच्या हातात ते शेतीचे उत्पन्न, त्यावरही कर नाही. पण त्याच रकमेला नफ्याची वाटणी म्हटले, की कारखान्यावर कर बसतो.

वाद पेटला तो 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशातून. त्याच्या कलम 3 नुसार केंद्र सरकार किमान वैधानिक भाव, म्हणजे एसएमपी, ठरवी. भार्गव आयोगाच्या शिफारशीवरून 1974 मध्ये कलम 5अ आले: हंगामात साखरेला जास्त पैसे मिळाले तर त्यातला निम्मा वाटा ऊस उत्पादकाचा. महाराष्ट्रात पहिली उचल, दुसरा हप्ता आणि हंगामाचे हिशेब झाल्यावर राज्याच्या संमतीने अंतिम भाव, अशी रीत बसली. दिवाळीच्या तोंडावर मिळणारा तो हप्ता शेतकऱ्याला भावच वाटे. आयकर खात्याने त्यातला एसएमपीवरचा भाग नफा मानला आणि खर्च म्हणून मान्य करायला नकार दिला. कलम 5अ पुढे 2009 मध्ये वगळले गेले, एसएमपीच्या जागी रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, आला. जुनी वर्षे मात्र फायलींत उघडीच राहिली.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल इथे ओळीने वाचावे लागतात. शहाद्याच्या सातपुडा तापी परिसर कारखान्याच्या प्रकरणात 2010 मध्ये न्यायालयाने स्वतः उत्तर न देता, भाव कसा ठरला ते तपासा असे सांगून प्रकरण खाली पाठवले. तासगाव तालुका कारखान्याच्या प्रकरणात 5 मार्च 2019 रोजी उत्तर आले. एसएमपी आणि अंतिम भाव यांतला सगळा फरक म्हणजे नफा नव्हे, पण अंतिम भाव ठरवताना नफ्याचा जो अंश धरला गेला तेवढा नफाच. तो अंश किती, हे करनिर्धारण अधिकाऱ्याने राज्य सरकारकडे दिलेल्या ताळेबंदांवरून आणि हिशेबांवरून काढायचे. निकाल तर्काला धरून आहे. पण त्याचा अर्थ असा, की कित्येक वर्षांपूर्वीच्या हंगामाचा भाव कोणत्या कागदावर ठरला ते आता शोधायचे. त्याच मार्च महिन्यात पुण्याच्या आयकर न्यायाधिकरणाने माजलगाव कारखान्याच्या प्रकरणात हीच वाट धरली आणि फाइल पुन्हा अधिकाऱ्याच्या टेबलावर गेली.

सुटका संसदेने केली, तीही टप्प्याटप्प्याने. 2015 च्या वित्त कायद्याने कलम 36 मध्ये नवे उपकलम घातले: सरकारने ठरवलेल्या किंवा मान्य केलेल्या भावापर्यंतचा ऊसखर्च वजा होईल, पण आकारणी वर्ष 2016-17 पासून. 25 ऑक्टोबर 2021 च्या 18 क्रमांकाच्या परिपत्रकाने स्पष्ट केले, की त्यात राज्य सरकारांनी कायदेशीर मार्गाने ठरवलेला जास्तीचा भावही येतो.  2016-17 आधीच्या वर्षांना दिलासा मिळाला तो 1 फेब्रुवारी 2023 च्या अर्थसंकल्पात. निर्मला सीतारामन यांनी त्याची किंमत जवळजवळ 10,000 कोटी रुपये सांगितली. त्यातून कलम 155 चे 19 वे उपकलम आले. कारखान्याने अर्ज करायचा आणि अधिकाऱ्याने उत्पन्नाचा हिशेब पुन्हा मांडायचा. खर्च सरकारने ठरवलेल्या किंवा मान्य केलेल्या भावापर्यंतचा असेल तर त्याला नाही म्हणता येत नाही. मुदत 31 मार्च 2027. 14 क्रमांकाचे परिपत्रक म्हणजे याच अर्जाची कार्यपद्धती.

आता 13 क्रमांक. मला हे परिपत्रक जास्त महत्त्वाचे वाटते, कारण त्यातल्या संस्थांकडे वकिलांची फौज नसते. गावच्या सोसायटीचे दप्तर गटसचिव सांभाळतो आणि त्याच्याकडे बहुधा एकाहून अधिक गावे असतात. सभासदांना कर्ज देऊन मिळणाऱ्या उत्पन्नावर कलम 80पी खाली पूर्ण वजावट असल्याने कर शून्य येतो. कर शून्य, मग विवरणपत्राची घाई कशाला, असा समज अनेक ठिकाणी रुजला. 2018 च्या वित्त कायद्याने कलम 80एसी बदलले आणि हा समज महागात पडू लागला: विवरणपत्र मुदतीत नसेल तर वजावटच नाही, आकारणी वर्ष 2018-19 पासून.

याचा भार किती, ते एका कल्पित सोसायटीवरून पाहू. वर्षाचे निव्वळ उत्पन्न 3,00,000 रुपये. विवरणपत्र वेळेत भरले तर कर शून्य. उशीर झाला तर सहकारी संस्थांच्या नेहमीच्या दराने पहिल्या 10,000 वर 10 टक्के, पुढच्या 10,000 वर 20 टक्के, उरलेल्या 2,80,000 वर 30 टक्के. म्हणजे 1,000, 2,000 आणि 84,000. त्यावर 4 टक्के उपकर धरून 90,480 रुपये. व्याज आणि विलंबशुल्क वेगळे. असे काही वर्षांचे साचले तर गंगाजळीच संपते.

उशीर का झाला, याचे उत्तर परिपत्रकातच नोंदवले आहे: राज्याच्या कायद्याखाली नेमलेल्या लेखापरीक्षकाकडून लेखापरीक्षण वेळेत झाले नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचे कलम 81 म्हणते, की आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत ते पुरे व्हावे. लेखापरीक्षक शासनाच्या नामतालिकेतलाच हवा. त्याच्या सहीसाठी विवरणपत्र अडून राहते, आणि ती सही कधी मिळेल हे सोसायटीच्या हातात नसते. करोनाच्या वर्षांत ही घडी अधिकच विस्कटली.

म्हणून मंडळाने मुख्य आयकर आयुक्तांना अधिकार दिला: आकारणी वर्षे 2018-19 ते 2022-23 साठी असा उशीर माफ करता येईल. लेखापरीक्षण कोणत्या तारखेला पुरे झाले आणि विवरणपत्राची मुदत कोणती होती, हे ताडून पाहायचे, खरी अडचण होती का ते ठरवायचे. 30 ऑक्टोबर 2024 च्या आणखी एका परिपत्रकाने आकारणी वर्ष 2023-24 ही त्यात आले.

दोन्ही कागद शेजारी ठेवले की एक भेद दिसतो, आणि तो मला खटकतो. कारखान्याला जे मिळाले तो कायद्याने दिलेला हक्क आहे. सोसायटीला मिळाली ती माफीची मुभा, आयुक्ताच्या विवेकावर सोडलेली, तीही ठराविक वर्षांपुरती. वास्तविक दोघांचीही अडचण सरकारच्याच पद्धतीतून आली होती: एकाचा भाव सरकारच्या संमतीने ठरला, दुसऱ्याचा लेखापरीक्षक सरकारच्या यादीतून आला. सोसायटीच्या बाजूने संसदेने 80एसीमध्ये एक ओळ घातली असती, की राज्याच्या कायद्याखालचे लेखापरीक्षण लांबले तर विवरणपत्राची मुदत त्याच्या तारखेपासून मोजावी, तर माफीचे अर्ज करण्याची वेळच आली नसती. तशी ओळ आलेली नाही. त्यामुळे सोसायटीच्या कपाटात आज सर्वांत जपून ठेवण्याचा कागद म्हणजे लेखापरीक्षकाचा अहवाल, त्याच्या सहीखालच्या तारखेसकट. आयुक्तांपुढे उशिराचे कारण सिद्ध करणारा पहिला पुरावा तोच असतो.