चौकोनांतील देवनागरी : पडद्यावरील मराठी अक्षराच्या घडणीचा इतिहास

मराठीच्या संगणकीकरणाचा इतिहास बहुधा संकेतप्रणाली व कळफलक यांच्या अंगाने लिहिला जातो. अक्षर पडद्यावर उमटते कसे, हा प्रश्न त्यात मागे पडतो. पडद्यावर अक्षर काढणे म्हणजे उभ्या-आडव्या रेषांच्या जाळीतील काही चौकोन रंगविणे होय. सुसान केअर यांनी मॅकिंटॉशची चिन्हे प्रथम आलेख कागदावर 32 × 32 चौकोन भरून रेखाटली. त्याच संगणकाबरोबर 1984 मध्ये आलेल्या मॅकपेंटमध्ये चित्राचा भाग मोठा करून एकेक चौकोन काळा वा पांढरा करता येई.

रोमन लिपीला ही जाळी मानवली. 1981 च्या आयबीएम संगणकाच्या रंगीत पडद्यावर एका अक्षराच्या वाट्याला 8 × 8 चौकोन येत. देवनागरी मात्र तीन मजली लिपी आहे. शिरोरेषेवर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार. खाली उकार आणि ऋकार. आठ आडव्या ओळींपैकी दोन वर, दोन खाली व एक शिरोरेषेला दिली, तर अक्षराच्या अंगाला तीनच उरतात. तीन ओळींत 'क्ष' किंवा 'ळ' काढून पाहावा! नऊ सुयांच्या छपाईयंत्रावरही हीच अडचण होती.

याआधी खिळ्यांच्या व टंकलेखनयंत्राच्या काळात अशा अडचणीवर लिपीच कमी करण्याचा मार्ग सुचविला गेला. सावरकरांनी पुरस्कारिलेली 'अ'ची बाराखडी हे त्याचे ठळक उदाहरण. जाळीने हा प्रश्नच बदलला. जोडाक्षर हा धातूचा स्वतंत्र खिळा राहिला नाही. ती रंगविलेल्या चौकोनांची एक रचना झाली. चौकोन वाढविले की लिपी अखंड ठेवता येणार होती. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले व पुढे 1988 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये वाढलेले जिस्ट तंत्रज्ञान याच दिशेने गेले. 1991 च्या इस्की मानकाने अक्षराची ओळख संकेतांकात ठेवली आणि त्याचे रूप पडद्यावर सोपविले.

मराठीपुरता यातला कळीचा मुद्दा 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' या जोडीत दिसतो. पहिल्यातला रफार शिरोरेषेवर जातो, दुसऱ्यातला अर्धा 'र' अक्षराच्या अंगालगत वळतो. ते वळण काढायला चौकोन पुरले नाहीत, तर गुरू आणि स्वयंपाकी यांतला भेदच पुसला जाईल.

पुढे चौकोन केवळ काळे-पांढरे राहिले नाहीत. कडांना करड्या छटा आल्या. 2001 च्या विंडोज एक्सपीमधील क्लिअरटाइपने प्रत्येक चौकोनातील लाल, हिरवा व निळा भाग वेगवेगळा वापरून आडव्या दिशेने सूक्ष्मता वाढविली. उभ्या दंडाला त्याचा लाभ झाला. आडव्या शिरोरेषेला नाही. ती चौकोनांच्या नेमक्या ओळीवर बसली नाही तर धूसर दिसते. अक्षराची मूळ आकृती रेषांची असली तरी शेवटी ती जाळीवरच उतरवावी लागते. र. कृ. जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी घडविलेल्या 'मंगल' टंकालाही हे बंधन होतेच.

महाराष्ट्र शासनाने 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयाद्वारे मराठी वर्णमालेतील 'ल' व 'श' यांची रूपे निश्चित केली. संकेतांक मात्र हिंदी-मराठीला एकच आहे. त्यामुळे वाचकासमोर कोणता 'ल' येईल, हे त्याच्या संगणकातील टंकच ठरवितो.