कार्ल्याच्या खांबांवरील नावे

कार्ल्याचा डोंगर चढणाऱ्यांतले बहुतेक एकवीरा आईच्या दर्शनाला आलेले असतात, आणि देवळाला लागूनच असलेले चैत्यगृह ते जाता जाता पाहून घेतात. पण हे लेणे जाता जाता दिसण्यासारखे नव्हे. आत शिरल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत थांबावे लागते. मग दोहों बाजूंचे खांब, शेवटचा स्तूप आणि वरची लाकडी कमानींची ओळ हळूहळू उमटू लागते. लांबी सुमारे १२४ फूट, उंची सुमारे ४६ फूट, खांब ३७. छत अखंड कातळाचे. त्याला लाकडाच्या टेकूची काहीच गरज नाही. तरी कमानी बसविल्या, कारण लाकडी सभागृहे बांधणाऱ्या हातांची सवय दगडातही सुटली नाही. स्तूपावरची लाकडी छत्री अजून उभी आहे.

एवढे काम कोणा राजाने केले असेल, असे आपल्याला सहज वाटते. भिंतींवरचे ब्राह्मी लेख वेगळेच सांगतात. वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासीचा, श्रेष्ठी भूतपाल म्हणतो की जंबुद्वीपात उत्तम असे हे शैलगृह मी पुरे केले. व्यापारी आपल्या मालाची तारीफ करणारच. पण येथे त्याला खोटे पाडणे कठीण आहे! दाराचे काम धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचे. दाराच्याच दानात त्याच गावचा सिंहदत्त नावाचा गंधी, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. सोपाऱ्याच्या एका भिक्षूने खांब दिला. काही खांब यवनांचे आहेत, आणि त्या यवनांची नावे पाहा : धम्म, सिंहधय! परदेशी म्हणवणारी माणसे घाटमाथ्यावर येऊन इकडची नावे लावीत होती आणि एकेका खांबापुरता पैसा देत होती. बोरघाटाच्या वाटेने कोकणची बंदरे आणि देशावरच्या पेठा जोडल्या गेल्या होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे एवढी गावे एका डोंगरावर कशी जमली, ते उमगते. आज भिंतीवर खिळ्याने नाव कोरणारे महाभाग मात्र एक दगडही देत नाहीत.

पण खांब दिल्याने भिक्षूंचे पोट भरत नाही. पावसाळ्यात त्यांना एका जागी राहावे लागे, आणि त्या महिन्यांचे धान्य कोठून यावे? क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने त्यासाठी वलूरक, म्हणजे याच लेण्यांतील, भिक्षूंना करजिक नावाचे गाव दिले. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचे राज्य मोडले. मोड किती पुरती झाली, ते नाशिकजवळ जोगळटेंबी येथे १९०६ साली सापडलेल्या नाण्यांवरून दिसते : तेरा हजारांवर नाणी नहपानाची, आणि त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला. शत्रूचे नाणेसुद्धा ज्याला सोसले नाही, त्याने शत्रूच्या जावयाने दिलेले गाव भिक्षूंकडे का ठेवावे?

ते ठेवले गेले. सातवाहन राजाची आज्ञा चैत्याच्या भिंतीवर कोरलेली आहे. आरंभ झिजल्यामुळे राजाचे नाव गेले आहे, तरी विद्वान ती गौतमीपुत्राचीच मानतात. करजक गाव वलूरकाच्या भिक्षूंना दिले आहे, असे ती स्थानिक अमात्याला बजावते. तो अमात्य ज्या प्रदेशावर होता, त्याचे नाव लेखात ‘मामाल’ असे आहे. त्यालाच आपण मावळ म्हणतो.