नांदी कोणाची, गण कोणाचा?

नाट्यशास्त्राला प्रवेश घेतलेल्या आपल्या वस्तीतल्या मुलामुलींच्या वह्या एकदा चाळून पाहा. सुरुवातीला नांदी. मग सूत्रधार, नटी, विदूषक, नेपथ्य, अंक, प्रवेश, स्वगत, नवरस. त्यापुढे पाश्चात्त्य रंगभूमीच्या संज्ञा. गण, बतावणी, वग, सोंगाड्या, झीलकरी हे शब्द येतात ते 'लोककला' नावाच्या प्रकरणात, आणि ते प्रकरण बहुधा परीक्षेच्या आदल्या रात्री वाचलं जातं. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी हे शब्द घडवले, त्यांचीच नातवंडं ते पाठ करून दोन गुण मिळवतात.

नांदी आणि सूत्रधार या शब्दांशी आमचं भांडण नाही. ते शिकायलाच हवेत. पण शिकताना प्रत्येक शब्दाला विचारायला हवं, की तू कुणाच्या घरातून आलास आणि तुझ्या घरात कुणाला बसायची परवानगी होती?

भरताच्या नाट्यशास्त्रापासूनच सुरुवात करू. पहिल्या अध्यायात कथा आहे की वेद ऐकण्याचा अधिकार शूद्रांना नाही, म्हणून ब्रह्मदेवाने सर्व वर्णांसाठी पाचवा वेद रचला. ऋग्वेदातून पाठ्य घेतलं, सामवेदातून गीत, यजुर्वेदातून अभिनय, अथर्ववेदातून रस. ही कथा मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. बघा, आमचं नाटक पहिल्यापासून सगळ्यांसाठी होतं! पण त्याच ग्रंथाच्या शेवटी दुसरी कथा आहे, ती फारसं कुणी सांगत नाही. भरताच्या पुत्रांनी ऋषींची थट्टा करणारा प्रयोग केला. ऋषी संतापले आणि त्यांनी शाप दिला, की तुम्ही शूद्र व्हाल. म्हणजे नाटक सर्वांसाठी, पण वरच्याला हसलात तर वर्ण गेला. रंगभूमीचा आपला सगळा इतिहास या दुसऱ्या कथेत आहे असं आम्हाला वाटतं. कोणी कुणाला हसायचं, हा प्रश्न कधी रसांचा नव्हता, सत्तेचा होता.

म्हणून विदूषक हा शब्द नीट बघा. संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलतो, स्त्रिया आणि खालची पात्रं प्राकृत बोलतात. विदूषक मात्र ब्राह्मण असून प्राकृत बोलतो. तो राजाचा मित्र, खादाड, लाडूंवर जीव असलेला. लोक त्याच्या भुकेला हसतात आणि राजाचं काहीच बिघडत नाही.

१८५५ साली जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' लिहिलं आणि हा विदूषक उचलून दुसऱ्या बाजूला उभा केला. जोशी पंचांग घेऊन कुणब्याच्या दारात येतो, त्याच्या गरोदर बायकोला ग्रहांची भीती घालतो, जप आणि ब्राह्मणभोजनाच्या नावाखाली त्या दोघांना लुबाडतो. विदूषक मध्ये मध्ये प्रेक्षकांकडे वळतो आणि चाललेली लूट उघडी पाडतो. नाव तेच, पण हसण्याची दिशा उलटी झाली. शेवटी तो कुणबी आणि त्याची बायको फुल्यांच्या रात्रीच्या शाळेत शिकायला जायचं ठरवतात. जोतीरावांनी हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिलं होतं आणि तिथे ते नाकारलं गेलं, हे त्यांनीच 'गुलामगिरी'त सांगितलं आहे. छापील रूपात ते लोकांसमोर आलं १९७९ साली. एकशे चोवीस वर्षांनी!

आता मराठी रंगभूमीची नेहमीची तारीख घ्या. ५ नोव्हेंबर १८४३, सांगली, विष्णुदास भावे, 'सीता स्वयंवर'. त्यांच्या नाटकात पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं आपापली भाषणं प्रसंगानुरूप करायची, संपूर्ण संवाद लिहिलेले नसायचे. लिहिलेलं स्वतंत्र गद्य नाटक म्हणून पुढे विनायक जनार्दन कीर्तन्यांचं १८६१चं 'थोरले माधवराव पेशवे' सांगितलं जातं. त्याच्या सहा वर्षं आधी लिहिलेलं 'तृतीय रत्न' मोजणीतच धरलं जात नव्हतं. भाव्यांचं श्रेय आम्हाला कमी करायचं नाही. मोजपट्टी कुणाच्या हातात होती, एवढंच दाखवायचं आहे.

सांगलीकडेच सावळज नावाचं गाव आहे. तिथल्या उमाबाबू मांग सावळजकरांनी १८६५च्या सुमारास 'मोहना-बटाव' हा वग रचला. तमाशातला पहिला वग म्हणून त्याचं नाव घेतात. वग म्हणजे कथानक असलेलं, पात्रं असलेलं, सुरुवात-शेवट असलेलं नाट्यच. पण त्याला नाटक म्हणायचं नाही, तमाशा म्हणायचं, आणि रचणाऱ्याला नाटककार नाही, 'तमासगीर' म्हणायचं.

या तमासगिरांची परिभाषा काय होती? आधी गण, म्हणजे गणपतीला नमन. मग गवळण. त्यात मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांची म्होरकी मावशी (लुगडं नेसलेला पुरुषच), वाट अडवणारा कृष्ण आणि त्याचा पेंद्या. इथे साक्षात देवाची खिल्ली उडते आणि देवभक्त गाव पोट धरून हसतं. पुढे बतावणी, म्हणजे सोंगाड्याची हजरजबाबी सवालजवाबी. मग वग. मागे ढोलकी, हलगी, तुणतुणं, झांज. सुरत्या सूर धरून ठेवतो, झीलकरी ओळीचं शेपूट पकडून वर नेतो. पडदा नाही, नेपथ्य नाही. पात्राने रंगमंचावर एक गोल फेरी मारली की गाव बदललं. हे दारिद्र्यातून आलं होतं हे खरं, पण त्यातून एक पूर्ण नाट्यशास्त्र उभं राहिलं, फक्त ते कुणी श्लोकात बांधलं नाही.

सत्यशोधकांनी हाच साचा घेतला. ओतूरचे भीमराव महामुनी आणि त्यांच्यानंतरच्या सत्यशोधक जलसेकारांनी गण ठेवला, पण गणपती म्हणजे गणांचा पती, लोकांचा पुढारी असा अर्थ लावला. शब्द टाकून न देता त्याच्या पोटातला देव बाहेर काढला, ही आम्हाला त्या काळातली सर्वांत धारदार नाट्यकृती वाटते. 'जलसा' हा शब्दही मुळात अरबी, बैठक-सभा या अर्थाचा. सभा आणि खेळ एकाच शब्दात!

आंबेडकरी जलसा त्याच्या पुढे गेला. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. नाटकाच्या पुस्तकात 'प्रवेश' म्हणजे अंकाचा भाग, पण त्या वर्षी नाशकात या शब्दाचा अर्थ वेगळा होता आणि त्यासाठी डोकी फुटत होती. त्याच नाशकात भीमराव कर्डकांनी त्या सुमारास जलसा उभा केला. (पोरं नेहमी गोंधळ करतात. हे कर्डक वेगळे, वामनदादा कर्डक वेगळे.) गणेशस्तवनाच्या जागी बाबासाहेबांना वंदन आलं, कृष्णाची गवळण गेली, शृंगारिक लावणी गेली. बतावणी मात्र राहिली. चळवळीला तिचीच गरज होती. सोंगाड्या भाबडेपणाने विचारतो, शिकलेला उत्तर देतो, आणि अडाणी प्रश्नातूनच धर्माचं बिंग फुटतं. अक्षरओळख नसलेल्या माणसांपर्यंत महाड आणि पुणे करार पोचवायचे तर याहून चांगलं वर्तमानपत्र नव्हतं. वस्तीतला चौक, चाळीचं आवार, एक गॅसबत्ती, झालं थिएटर.

इथे एक अडचणीची गोष्ट बोलायला हवी, नाहीतर आम्हीही निवडक इतिहास सांगणारेच ठरू. जलशाने जे बाहेर काढलं त्यात नाची होती. हिवरगावची पवळा, महार समाजातली, पठ्ठे बापूरावांच्या फडाची कीर्ती जिच्यावर उभी राहिली ती. महाडच्या लढ्याला बापूरावांनी खेळांच्या उत्पन्नातून मदत देऊ केली आणि बाबासाहेबांनी ती घेतली नाही, असं चळवळीत सांगितलं जातं. आपल्या बायकांना नाचवून मिळालेल्या पैशावर स्वाभिमानाचा लढा चालणार नाही, ही भूमिका आम्हाला पटते. जातीने लादलेला धंदा सोडल्याशिवाय माणूस सुटत नाही. मेलेलं ढोर ओढणं सोडलं तसं अनेक गावांनी गावकीचं वाजवणंही सोडलं. पण जलशात पवळेच्या जागी दुसरी कुठली बाई बोलायला उभी राहिली नाही, पुरुषच उभे राहिले. दौलतजादा गेला हे बरं झालं, पण त्याबरोबर बाईचा आवाजही गेला आणि तो परत यायला कित्येक वर्षं लागली. या हिशेबात आपली बाजू कोरी नाही.

अण्णाभाऊ साठ्यांनी १९४४च्या लाल बावटा कलापथकातून तमाशा पुन्हा हातात घेतला, गणात मायभूमी आणि हुतात्मे आणले आणि 'लोकनाट्य' हा शब्द रूढ केला. तमाशा म्हटलं की नाक मुरडणाऱ्या सरकारपुढे आणि पांढरपेशांपुढे तो उपयोगी पडला. पण त्याची किंमतही मोजावी लागली. नाव सोवळं झाल्यावर माल उचलायला सगळेच पुढे आले. १९६५ला वसंत सबनिसांचं 'विच्छा माझी पुरी करा' आलं, तुफान चाललं. नाटक मजेदार आहे, आम्हीही हसलो आहोत. पण शिवाजी मंदिरात तिकीट काढून बतावणीला हसणारा प्रेक्षक राहुटीतल्या तमाशाला कधी गेला नाही, आणि सावळजकरांचं नाव त्याला माहीत असण्याचं काही कारणच उरलं नाही.

आपल्याकडे दत्ता भगतांनी 'आवर्त'मध्ये तमाशाचा साचा जाणीवपूर्वक वापरला, रुस्तुम अचलखांबांनी तमाशाचा अभ्यासही केला आणि रंगमंचावरही आणला. ही कामं ग्रंथालयात आहेत. १४ एप्रिलला चौकात 'भीम जलसा' असा फलक लावून डीजेच्या भिंती उभ्या करणाऱ्या मंडळांनी ती एकदा मागवावीत. तुमच्या पथनाट्यात मागे उभं राहून ओळ उचलणाऱ्या चौघांना तुम्ही 'कोरस' म्हणता. ते झीलकरी आहेत. वस्तीतल्या एखाद्या ऐंशीच्या घरातल्या म्हाताऱ्याला तालमीला बोलवा आणि झील कशी उचलायची ते विचारा. बहुतेक तो आधी गाऊन दाखवेल.