डेरेक डी सोला प्राइस (१९२२–१९८३)
प्राइस हे मूळचे भौतिकशास्त्राचे; सिंगापूरच्या रॅफल्स कॉलेजात अध्यापन करून ते इंग्लंडला परतले, केंब्रिजला विज्ञानाच्या इतिहासात त्यांनी दुसरी डॉक्टरेट मिळवली आणि पुढे ते येल विद्यापीठात प्राध्यापक झाले. प्रस्तुत प्रकरणातील अँटिकिथेरा यंत्र, म्हणजे त्या नावाच्या ग्रीक बेटाजवळ बुडालेल्या जहाजातून १९०१ साली वर आलेले, गंजून तुकडे झालेले कांस्याचे दंतचक्री यंत्र, हा त्यांच्या दीर्घ व्यासंगाचा विषय होता. १९७१ च्या सुमारास ग्रीक भौतिकशास्त्रज्ञ काराकालोस यांनी गॅमा व क्ष-किरणांनी घेतलेल्या छायाचित्रांमुळे आतल्या चक्रांचे दाते मोजण्याचा मार्ग मोकळा झाला, आणि त्यांपैकी एका चक्राला १२७ दाते असावेत, असे प्राइस यांनी ठरवले. या आकड्यातच यंत्राची किल्ली आहे : १९ सौरवर्षांत २३५ चांद्रमास भरतात (यालाच मेटनचे चक्र म्हणतात), तेवढ्याच काळात चंद्र नक्षत्रमंडळातून २५४ फेऱ्या पूर्ण करतो, आणि २५४ ची निमपट असलेली १२७ ही मूळ संख्या असल्याने, म्हणजे तिचे लहान अवयव पडत नसल्याने, हे प्रमाण दात्यांतून अचूक साधायचे तर १२७ ला पर्याय उरत नाही. ग्रीकांना गणित होते पण यंत्रविद्येत रस नव्हता, हा रूढ समज या विवेचनानंतर टिकणे कठीण झाले, हे प्राइस यांचे खरे श्रेय होय. त्यांचा ‘गिअर्स फ्रॉम द ग्रीक्स’ हा प्रबंध १९७४ साली प्रसिद्ध झाला; त्यात मानलेली विभेदी चक्ररचना, म्हणजे दोन गतींमधील फरक दाखवणारी जोडणी, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मात्र स्वीकारली गेली नाही.