नैराश्याच्या गोळ्या कमी करताना : शरीराची साथ, विहाराची साथ

नैराश्याची औषधे घेणारे तरुण आपल्या वस्त्यांत, वसतिगृहांत, अभ्यासिकांत आहेत आणि चळवळीच्या कार्यकर्त्यांतही आहेत. बोलीत या औषधांना ‘टेन्शनच्या गोळ्या’ म्हणतात. जरा बरे वाटले, पैसे संपले, सोयरिकीच्या वेळी कुणाला कळू नये असे वाटले, किंवा ‘ध्यानाला बस, गोळ्या सोड’ असे कुणी सांगितले, की त्या एका दिवसात बंद होतात. यात धोका आहे. म्हणून भोकर परिसरातील धम्मबांधवांसाठी आम्ही ही माहिती एकत्र देत आहोत.

अचानक बंद केल्यास

चक्कर, मळमळ, डोक्यात वीज चमकल्यासारखा झटका, झोप उडणे, भडक स्वप्ने, चिडचिड, रडू येणे असे त्रास काही दिवसांत सुरू होऊ शकतात. पॅरोक्सेटीन आणि व्हेन्लाफॅक्सीनमध्ये ते जास्त दिसतात. फ्लुओक्सेटीन शरीरात जास्त काळ राहते, त्यामुळे त्रास उशिरा जाणवू शकतो. मूळ आजार परतला तर तो बहुधा काही आठवड्यांनी, हळूहळू परततो. दोन्हींतला फरक डॉक्टरांनी ठरवावा. सोबत क्लोनाझेपामसारखी गोळी रोज सुरू असेल, तर ती अचानक थांबवल्याने फिटही येऊ शकते.

किती हळू?

बरे वाटू लागल्यावरही औषध साधारण ६ महिने किंवा अधिक काळ सुरू ठेवतात. नंतर डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात. शेवटचे टप्पे सर्वांत लहान ठेवावे लागतात, कारण मात्रा कमी असताना थोडीशी कपातही मेंदूला मोठी वाटते. कुणाला काही आठवडे लागतात, कुणाला काही महिने. सोण थेरांना सांगितलेला वीणेचा दृष्टांत आपल्याला ठाऊक आहे : तार फार ताणली तरी सूर लागत नाही, सैल सोडली तरी लागत नाही.

शरीराची मदत

- झोपण्या-उठण्याची वेळ ठरलेली ठेवावी. दुपारनंतर चहा कमी करावा, दारू टाळावी.
- सकाळच्या उन्हात रोज अर्धा तास चालावे. चंक्रमण हीसुद्धा साधनाच आहे.
- घाबरल्यासारखे झाले तर श्वास सावकाश, लांब सोडावा.
- श्वासाकडे पाहून भीती वाढत असेल तर डोळे उघडावेत आणि पायाखालच्या जमिनीचा स्पर्श अनुभवावा. कायानुपश्यनेत चालणे, उभे राहणे, बसणे, झोपणे या चारही स्थिती येतात. तासन्‌तास बसण्याची सक्ती नाही.
- उपाशी राहू नये. चक्कर येत असेल तर मोटारसायकल चालवू नये.

या उपायांनी त्रास सोसणे सोपे जाते. मात्र ते गोळीची जागा घेतात असे समजू नये.

अभ्यास काय सांगतात

ब्रिटनमधील २०२१ च्या एका अभ्यासात दीर्घकाळ गोळ्या घेऊन बरे वाटणारे ४७८ जण होते. ज्यांच्या गोळ्या कमी करत बंद केल्या, त्यांच्यापैकी ५६ टक्क्यांचे नैराश्य वर्षभरात परतले. गोळ्या सुरू ठेवणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. २०१५ च्या दुसऱ्या अभ्यासात, वारंवार नैराश्य आलेल्या ४२४ जणांपैकी निम्म्यांना ८ आठवड्यांचा सजगतेचा वर्ग आणि गोळ्या कमी करायला मदत मिळाली. दोन वर्षांत त्यांच्यातील ४४ टक्क्यांचा आजार परतला, गोळ्या सुरू ठेवणाऱ्यांतील ४७ टक्क्यांचा. म्हणजे जवळपास सारखेच. या वर्गात शरीराच्या एकेका भागाकडे लक्ष नेण्याचा सराव असतो. त्याचे मूळ बौद्ध स्मृतिसाधनेत आहे.

आपल्याकडे पुण्यात भार्गवी दावर यांनी १९९९ मध्ये स्थापलेल्या बापू ट्रस्टने वस्त्यांमध्ये मानसिक आरोग्याचे काम उभे केले. आधार वस्तीतच उभा राहू शकतो, हे त्यातून दिसते.

विपश्यना शिबिराला जाताना

शिबिराच्या अर्जात मानसिक आजार आणि औषधे यांची माहिती विचारतात. ती लपवू नये. शिबिरासाठी गोळ्या थांबवू नयेत. मात्रा उतरवण्याच्या काळात दहा दिवसांचे मौन शिबिर टाळलेले बरे.

मदत कुठे?

आधी भोकरच्या शासकीय रुग्णालयात चौकशी करावी. पुढे नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक २४ तास मोफत आहे. तिथे मराठीत बोलता येते. शासकीय मानसिक आरोग्यसेवा मिळणे आणि माहिती गुप्त राहणे हा मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार आपला हक्क आहे. ऊसतोडीला किंवा शहरात कामाला जाण्याआधी गोळ्यांचा पुरेसा साठा आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत घ्यावी. जीव द्यावासा वाटत असेल तर त्या माणसाला एकटे सोडू नये, लगेच रुग्णालयात न्यावे.

विहाराने काय करावे

बाबासाहेबांनी मधुमेहासाठी डॉक्टरांचे उपचार घेतले. त्यांना आपण कमकुवत म्हणत नाही. मग मनाच्या आजारासाठी गोळी घेणाऱ्याला का हिणवावे? बुद्धांनी आजारी भिक्खूला स्वतःच्या हातांनी स्वच्छ केले. आपल्याला एवढे तरी जमेल : रविवारच्या वंदनेनंतर सोबत चालणारा एक गट, तपासणीला नांदेडपर्यंत बरोबर जाणारा एक मित्र, आणि कुणाच्या गोळ्यांची गावभर चर्चा न करण्याचा नियम.