धुऱ्याचा वाद आणि जवानाचे मन

जवानाच्या मनावरचा ताण तपासताना सीमेवरचा ताण आणि घरचा ताण वेगवेगळे धरावे लागतात. गोळीबार, उंची, थंडी यांची तयारी प्रशिक्षणात होते. शिवाय सोबत बडी म्हणजे जोडीदार असतो, पलटण असते. वऱ्हाडातल्या अकोट किंवा दर्यापूरहून येणाऱ्या फोनची तयारी मात्र कुणी करून घेत नाही. भावकीने धुरा म्हणजे शेताचा बांध कोरला, जमिनीची मोजणी पुन्हा पुढे गेली, सोयाबीन पाण्यात गेले, सासू-सुनेचे पटत नाही. ऐकणारा दूर चौकीवर, आणि त्याच्या हातात काहीच नाही. जवानांच्या आत्महत्यांबाबत संसदेत दिलेल्या सरकारी उत्तरांतही कौटुंबिक कलह आणि पैशाची ओढाताण ही कारणे येतात.

मग तो बोलत का नाही? सैन्याच्या वैद्यकीय प्रतवारीला 'शेप' म्हणतात आणि तिच्यातले पहिले अक्षर, एस, मनाचे आहे. एस-1 म्हणजे पूर्ण तंदुरुस्त. त्याखाली घसरले की नेमणूक, बढती, हत्यार हाताळणे यांवर बंधने येऊ शकतात. ही तरतूद अनाठायी नाही. मन ठिकाणावर नसलेल्याच्या हाती भरलेली रायफल पलटणीचा कोणता सीओ (कमांडिंग ऑफिसर) देईल? पण 'कॅटेगरी लागेल', म्हणजे प्रतवारी घसरेल, या धास्तीने जवान झोप उडाल्याचे सांगत नाही. सांगायचेच झाले तर पाठदुखी सांगतो. पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात (एएफएमसी) डिसेंबर 2023 मध्ये सशस्त्र दलांसाठी फोनवरून समुपदेशन करणारा टेलि-मानस कक्ष सुरू झाला, त्याचे मोल इथे आहे. 14416 वर युनिटबाहेरच्या माणसाशी बोलता येते, घरच्यांनाही.

तरी समुपदेशक धुरा मोजून देत नाही. माझ्या मते वऱ्हाडातल्या जवानाचा निम्मा उपचार भूमी अभिलेख कचेरीत आहे. 1925 चा भारतीय सैनिक (दावे) कायदा विशिष्ट परिस्थितीत सेवेतल्या जवानाविरुद्धची सुनावणी थांबवतो. त्याने तारीख पुढे जाते, वाद मिटत नाही. सीओचे पत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पोचल्यावर मोजणी त्याच रजेत उरकली, तर ते औषधाइतकेच लागू पडेल. नाहीतर रजा कचेरीच्या दारात संपते.

गावपातळीवरची यंत्रणा नव्याने उभारायची गरज नाही. 2015 पासूनच्या 'प्रेरणा' प्रकल्पात आशाताई शेतकरी कुटुंबांची मानसिक विचारपूस करतात. एक भाऊ शेतात, दुसरा फौजेत, अशी घरे इथे पुष्कळ. आशाताईंच्या नोंदीत फौजेतल्या मुलाचा आणि मागे राहिलेल्या सुनेचा एक रकाना वाढवता येईल.

निवृत्तीनंतर कॅटेगरीची भीती जाते, पण पलटणही जाते. चाळिशीच्या आत घरी आलेल्या शिपायाला निदान ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना आहे. लष्करी रुग्णालय मात्र नागपूरजवळ कामठीला. 2022 च्या अग्निपथ योजनेतले अग्निवीर चार वर्षांनी परततील, चारांतले तिघे तरी, तेही निवृत्तिवेतन आणि ईसीएचएसशिवाय. त्यांना अमरावतीत इर्विन, अकोल्यात सर्वोपचार ही सरकारी रुग्णालये. तिथल्या केसपेपरावर फौजेत होता अशी नोंद तरी व्हायला हवी.