नायिका घरी का जात नाही?

नायक-नायिकेला एका छपराखाली डांबायचे असले की आजचा प्रेमकादंबरीकार सर्रास बर्फाचे वादळ आणतो, नाहीतर हॉटेलात एकच खोली शिल्लक ठेवतो. युक्ती नशिबाची वाटते, पण तिचे कूळ नोकरीत आणि पैशाच्या व्यवहारात आहे. नल-दमयंतीला तिची गरज नव्हती. तिथे आधी मने जुळतात, मग ताटातूट होते आणि कथा पुनर्भेटीच्या ओढीवर चालते. न पटणारी माणसे रोज समोरासमोर ठेवायची, तर मात्र निघून न जाण्याला कारण लागते. १७४० साली सॅम्युअल रिचर्डसनने ‘पामेला’त ते मोलकरणीच्या कामात शोधले. मालक मागे लागलेला असताना ही पंधरा वर्षांची पोर आईबापांकडे लगेच जात नाही, कारण त्याच्या जाकिटावरचे भरतकाम पुरे व्हायचे आहे! शेवटी निघते, तर गाडी तिला मालकाच्याच लिंकनशायरमधल्या घरी नेते आणि तिथे तिला कोंडले जाते. पुढच्याच वर्षी लेखक फील्डिंगने ‘शॅमेला’ लिहून तिच्या सोज्वळपणाची टर उडवली. खरा दोष कोंडण्यात होता. ते प्रेम नव्हे, जुलूम.

शार्लट ब्राँटेने १८४७च्या ‘जेन एअर’मध्ये कुलूप काढले, पगार ठेवला. जेन ही वर्षाला ३० पौंडांवर नेमलेली शिक्षिका. मरणासन्न मामीकडे जायला ती रजा मागते, तेव्हा मालक रॉचेस्टरकडे तिचे १५ पौंड निघतात. तो आधी पन्नासाची नोट पुढे करतो, तिच्याकडे सुटे नसतात, मग विचार बदलून दहाच देतो. उरलेले पाच न्यायला परत ये, म्हणतो. दाराला कडी नाही, तरी धागा तुटत नाही. या युक्तीचा इतका नेटका वापर क्वचितच सापडेल.

यावर कोणी जेन ऑस्टिनचा दाखला देईल. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये (१८१३) एलिझाबेथ कोणाची नोकर नाही, बहीण पावसात भिजून आजारी पडते, म्हणून ती नायक डार्सी उतरलेल्या घरी राहते. पण पाऊस येणार हे हेरूनच आईने थोरलीला गाडीऐवजी घोड्यावर धाडलेले असते, आणि मुलींनी परत यायला गाडी मागितली तरी ती पाठवत नाही. बापाची जमीन दूरच्या नातेवाइकाकडे जाणार, पाच मुलींना लग्नाखेरीज आधार नाही. तेव्हा हाही पोटापाण्याचाच मामला, आणि कारस्थानात ही आई रिचर्डसनच्या मालकापेक्षा कितीतरी सरस.